बारावीनंतर कॉलेज करावे का? चांदवडच्या घरांसाठी खर्चाचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की चांदवड तालुक्यातल्या घरांत दोन प्रश्न एकदम उभे राहतात. प्रवेश कुठे घ्यायचा आणि पैसे कुठून आणायचे? धावपळ सगळी या दोन प्रश्नांमागे होते. त्याआधीचा एक प्रश्न मात्र मागे राहतो. या कॉलेजात, या कोर्सवर, एवढे पैसे आणि एवढी वर्षे घातल्यावर हातात काय येणार? हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. शेतीवर, मजुरीवर, छोट्या दुकानावर किंवा बेताच्या पगारावर चालणाऱ्या घराला समोर धरून तो लिहिला आहे.

आधी थोडक्यात उत्तर

सरकारी फेरीतून मिळालेला प्रवेश, फी सवलत, घरून ये-जा आणि ठरावीक कामाची दारे उघडणारा कोर्स या चार गोष्टी जुळत असतील, तर कॉलेज बहुतेक घरांना परवडते आणि करावेच. पूर्ण फी, बाहेरगावी खोली आणि व्याजाचे पैसे या तीन गोष्टी एकत्र येत असतील, तर त्या कॉलेजातून नोकऱ्या किती मुलांना लागतात आणि पगार किती मिळतो, हे आकड्यांत कळल्याशिवाय पाऊल टाकू नये. ‘पदवी हवीच’ किंवा ‘पदवीचा काही उपयोग नाही’ ही दोन्ही वाक्ये हिशेबाच्या वेळी बाजूला ठेवा.

काळजी करायला सबळ कारण आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातल्या तरुण पदवीधरांत बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. याचा अर्थ न शिकलेला सुखी, असा नाही. ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही तो मिळेल त्या मजुरीला जातो आणि बेरोजगारांत मोजला जात नाही. पदवीधर मनासारख्या कामाची वाट पाहत थांबतो. पण त्या वाट पाहण्याचा खर्च घरच उचलते, म्हणून तोही हिशेबात धरावा लागतो.

खर्चाचे चार भाग

घरात सहसा फक्त फी मोजली जाते. खरा खर्च चार भागांत असतो.

पहिला भाग फीचा. यात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क आणि विद्यापीठाची किरकोळ शुल्के येतात.

दुसरा भाग राहणे, खाणे आणि प्रवासाचा. नाशिक चांदवडपासून साधारण ६५ किलोमीटर. महामार्गावर असल्यामुळे रोज जाऊन-येऊन करणे शक्य आहे, पण दिवसाचे तीन तास त्यात जातात. नाशिकला खोली आणि मेस घेतली, तर तिथल्या ओळखीच्या दोन-तीन मुलांना महिन्याचा पूर्ण खर्च विचारा. अनामत रक्कम, वीजबिल आणि सणासुदीला घरी येण्याचे भाडेसुद्धा धरा.

तिसरा भाग न मिळालेल्या कमाईचा. बारावी झालेला मुलगा कामाला लागला असता तर महिन्याला काही रुपये घरी आले असते. घरची शेती असेल, तर कांदा लागवडीला आणि काढणीला त्याच्या जागी मजूर लावावा लागतो, तीही रक्कम याच भागात येते. बहुतेक कोर्समध्ये हा भाग फीपेक्षा मोठा निघतो आणि तोच कोणी मोजत नाही.

चौथा भाग व्याजाचा. बँकेचे असो, पतसंस्थेचे असो की आडत्याकडून घेतलेली उचल असो, व्याज लिहून ठेवा.

चांदवडमध्येच काय मिळते

घरून ये-जा करता आली, तर दुसरा भाग जवळजवळ संपतो. या बाबतीत चांदवड नशीबवान आहे. कर्मवीर केशवलालजी आबड, म्हणजे काकाजी, यांनी १९२८ मध्ये उभ्या केलेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या परिसरात आज कला-वाणिज्य-विज्ञान, अभियांत्रिकी, पॉलिटेक्निक आणि फार्मसी अशी महाविद्यालये आहेत. तालुक्याला शासकीय आयटीआय आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिकलाच आहे. त्याची अभ्यासकेंद्रे जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. म्हणजे नाशिक किंवा पुण्यात खोली घेण्याआधी तोच कोर्स घराजवळ आहे का, हे पाहणे चांदवडच्या मुलाला शक्य आहे.

प्रवासाची सवलतही घ्या. एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सूट आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. ती योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने आहे. बारावीनंतर मुलींना विद्यार्थी पास काढता येतो. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पण रोजच्या प्रवासाला पास त्याहून स्वस्त पडतो.

पाच वाटा, पाच बेरजा

खालचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या कॉलेजची फी आणि तुमच्या भागातली मजुरी टाकून ते बदला. बारावी झालेल्या मुलाची कमाई महिन्याला १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,००० रुपये धरली आहे.

१. घरून बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी., तीन वर्षे. फी, पुस्तके आणि बस मिळून वर्षाला १५,००० धरले, तर तीन वर्षांचे ४५,०००. न मिळालेली कमाई ४,३२,०००. एकूण ४,७७,००० रुपये. मुलाने अर्धा दिवस काम केले, तर बेरीज २,६१,००० वर येते.

२. नोकरी करत मुक्त विद्यापीठाची पदवी, तीन वर्षे. वर्षाला ५,००० धरले, तर एकूण १५,००० रुपये. कमाई चालू राहते.

३. आयटीआय, दोन वर्षे. सगळा खर्च वर्षाला २०,००० धरला, तर ४०,०००. न मिळालेली कमाई २,८८,०००. एकूण ३,२८,००० रुपये.

४. चांदवडमध्येच घरून अभियांत्रिकी, चार वर्षे. फी वर्षाला एक लाख, अर्धी सवलत मिळून आणि पुस्तके-बस धरून हातचे ७५,००० जातात असे समजा. चार वर्षांचे ३,००,०००. न मिळालेली कमाई ५,७६,०००. एकूण ८,७६,००० रुपये. शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालेल्या मुलीला हातचे वर्षाला २५,००० लागले, तर एकूण ६,७६,०००.

५. पुण्यात सवलतीविना अभियांत्रिकी, खोली-मेससह, चार वर्षे. फी दीड लाख आणि राहणे-खाणे १,२०,०००, म्हणजे वर्षाला २,७०,००० आणि चार वर्षांचे १०,८०,०००. न मिळालेली कमाई ५,७६,०००. एकूण १६,५६,००० रुपये.

चौथी आणि पाचवी वाट एकाच पदवीकडे जाते. दोन्हींत फरक ७,८०,००० रुपयांचा. पुण्याच्या कॉलेजातून मिळणारी नोकरी या फरकाला पुरेल का, एवढाच तिथला प्रश्न आहे.

पैसे किती वर्षांत भरून निघतात

बारावीवर कामाला लागलेला मित्र चार वर्षांनी १५,००० पर्यंत पोचला असे समजा. पाचव्या वाटेने गेलेल्या मुलाला पहिली नोकरी २०,००० ची लागली, तर त्याची जास्तीची कमाई महिन्याला ५,०००, वर्षाला ६०,०००. साडेसोळा लाख भरून यायला सत्तावीस वर्षांहून अधिक लागतील. हीच नोकरी ३५,००० ची लागली, तर वर्षाला २,४०,००० जास्त मिळतात आणि पैसे सात वर्षांत वसूल होतात. चौथ्या वाटेने गेलेल्याला २०,००० च्या पगारावर साडेचौदा वर्षे आणि ३५,००० च्या पगारावर पावणेचार वर्षे लागतात.

बी.कॉम. झालेल्या मुलाला १८,००० मिळाले, तर पहिल्या वाटेचा खर्च भरून यायला तेरा वर्षे जातात. शिकताना त्याने अर्धा दिवस काम केले असेल, तर सव्वासात.

पगार पुढे वाढतात आणि पदवीधराचे सहसा जास्त वेगाने वाढतात, त्यामुळे ही वर्षे प्रत्यक्षात कमी होऊ शकतात. तरी या आकड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिल्या नोकरीचा पगार हा सगळ्यात मोठा आकडा आहे, म्हणून कॉलेजकडून तो काढून घेतलाच पाहिजे. आणि शिकताना केलेले अर्ध्या दिवसाचे काम खर्च जवळजवळ निम्म्यावर आणते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना आहे. आपल्या कॉलेजात ती चालते का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा.

केटी राहून वर्ष गेले, तर त्या वर्षाची फी जाते आणि पहिल्या नोकरीचा एक वर्षाचा पगारही जातो. बारावीला गणित-भौतिकशास्त्र कसेबसे सुटलेल्या मुलाला घराच्या हट्टासाठी अभियांत्रिकीला घालणे या कारणाने फार महाग पडते.

दहावीनंतरचा रस्ता विसरू नका

अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि अभियांत्रिकीची चार मिळून दहावीनंतर सहा वर्षे होतात. पॉलिटेक्निकची तीन आणि मग थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन अभियांत्रिकीची तीन, यांचीही बेरीज सहाच. फरक असा की दुसऱ्या रस्त्यावर तिसऱ्या वर्षाअखेर हातात डिप्लोमा असतो. घरची परिस्थिती बिघडली, तर मुलगा तिथून कामाला लागू शकतो. पहिल्या रस्त्यावर मधेच थांबलेल्या मुलाकडे बारावीच राहते. पीक-पाण्यावर अवलंबून असलेल्या घराला अशी मधली पायरी असणे फार मोलाचे आहे. ज्यांच्या घरी धाकटे भावंड आता दहावीला आहे, त्यांनी याचा विचार आजच करावा.

फी खरी की फुगवलेली, हे कसे पाहायचे

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. २०१५ च्या कायद्याने ते नेमले आहे आणि प्रत्येक कॉलेजची मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वर्षवार पाहता येते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. जास्त मागितले, तर कशासाठी हे लेखी मागा. देणगी म्हणून पैसे घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

प्रवेश रद्द करावा लागला, तरी सगळी फी बुडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाची शेवटची तारीख आणि रद्द करण्याची तारीख यांच्यातल्या अंतरानुसार फी परत द्यावी लागते, आणि विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत. कागदपत्रे तपासून परत द्यायची असतात, हे ठामपणे सांगा.

सवलती: कोणाला किती

बहुतेक सवलतींचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो आणि तो दर वर्षी नव्याने भरावा लागतो.

मुलींसाठी सगळ्यात मोठा बदल ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. २०२४-२५ पासून ते लागू झाले. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश यात बसत नाही. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही यातून वगळली आहेत. पुण्या-नाशिकच्या खासगी विद्यापीठांच्या जाहिराती पाहून जाणाऱ्या पालकांनी ही ओळ नीट लक्षात ठेवावी. तिथे गेल्यावर मुलीची माफी जाते.

त्याच प्रवर्गांतल्या मुलांना साधारण अर्ध्या शिक्षण शुल्काची सवलत मिळते. खुल्या प्रवर्गासाठी ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून येते आणि उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिच्यात शुल्कही येते आणि निर्वाह भत्ताही. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाची अशीच योजना आहे.

बाहेरगावी राहायचे असेल, तर या नावांची चौकशी करा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, अनुसूचित जातीसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. रक्कम कोणत्या शहरात शिकता यावर ठरते.

दोन बाबतींत सावध राहा. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची असते. विकास शुल्क, मेस आणि पुस्तके खिशातूनच भरावी लागतात. शिवाय शिष्यवृत्तीचे पैसे हातात यायला उशीर होतो, कधी पुढच्या वर्षापर्यंत. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च सवलतीविना भागेल, अशी तजवीज ठेवा.

कांद्यावर फी ठरवू नका

चांदवडच्या घरात फीचे पैसे बहुधा चाळीतल्या उन्हाळ कांद्यातून किंवा दिवाळीनंतरच्या लाल कांद्यातून यायचे असतात. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात अचानक बंद केली आणि ती मे २०२४ मध्ये खुली झाली. नेमका लाल कांदा बाजारात असताना भाव कोसळले. ज्यांनी दुसऱ्या हप्त्याची फी त्या कांद्यावर धरली होती, त्यांचे पुरते हाल झाले. चार वर्षांच्या कोर्समध्ये असे एक वर्ष येणारच, असे धरून चाला. कॉलेजकडून हप्त्यांची सोय पहिल्याच दिवशी लेखी घ्या, आणि शक्य असेल तर एका वर्षाची फी मुदत ठेवीत बाजूला ठेवा.

जमीन विकून फी भरू नका, हे मी आग्रहाने सांगतो. जमीन गेली की परत येत नाही, आणि मुलाची नोकरी लांबली तर घराला उभे राहायला काहीच उरत नाही. सावकाराच्या महिन्याला तीन-चार टक्क्यांच्या व्याजावर तर कोणतीच पदवी परवडत नाही.

कर्ज घ्यायचे तर असे

बँकांच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा लागत नाही, आणि साडेसात लाखांपर्यंत तारण न मागता कर्ज देण्याची हमी योजना आहे. कोर्स संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते.

एक उदाहरण करून पाहू. दर वर्षी दीड लाख, असे चार वर्षांत सहा लाख घेतले. व्याज दहा टक्के धरले. शिक्षणाची चार वर्षे आणि सवलतीचे एक वर्ष संपेपर्यंत सरळ व्याज २,१०,००० होते. देणे ८,१०,००० वर जाते. दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे १०,७०० रुपये बसतो, आणि सहा लाखांपोटी एकूण पावणेतेरा लाखांहून अधिक फेडावे लागतात. वीस हजार पगाराच्या मुलाला हा हप्ता झेपणार नाही. म्हणून कर्जाचा नियम सोपा ठेवा: हप्ता पहिल्या पगाराच्या पाव हिश्शापेक्षा जास्त नको.

कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीए मानांकन असेल, तर केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना शिक्षणाच्या काळातले आणि पुढच्या एका वर्षाचे व्याज भरते. वरच्या उदाहरणात तेव्हा हप्ता सुमारे ७,९०० वर येतो आणि एकूण फेड तीन लाखांहून अधिक कमी होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे. तिच्यात जामीनदार आणि तारण लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी पाहा. शिक्षण चालू असताना महिन्याचे व्याज तेवढे भरत गेलात, तरी चढणारे देणे थांबते.

कॉलेजला विचारायचे प्रश्न

फलकावरच्या ‘सर्वोच्च पॅकेज’च्या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा एका मुलाचा असतो, आणि आपला मुलगा तोच असेल असे धरता येत नाही. हे प्रश्न लिहून न्या.

• मागच्या वर्षी या शाखेतून किती जण बाहेर पडले, आणि त्यांतले किती एकही विषय न राहता ठरलेल्या वर्षांत पास झाले?
• किती जणांना नोकरीचे पत्र मिळाले, आणि त्यांतल्या मधल्या मुलाचा (पगाराच्या क्रमात मधोमध येणाऱ्याचा) पगार किती?
• कोणत्या कंपन्या आल्या, आणि काम कायम की कंत्राटी?
• याच शाखेला एनबीए मानांकन आहे का?
• मंजूर फीखेरीज वर्षाला आणखी काय भरावे लागते?

राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना ही माहिती सरकारला द्यावी लागते. ठरलेल्या मुदतीत पास झालेले विद्यार्थी, नोकरी लागलेले आणि त्यांचा मधला पगार, सगळे आकडे त्या कागदात असतात आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर एनआयआरएफ या नावाखाली ठेवलेला असतो. तो उघडून वाचा. मग शेवटच्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर भेटा. खरी माहिती तिथेच मिळते.

कोणत्या कामाला काय लागते

हव्या असलेल्या कामासाठी पदवी लागतच नसेल, तर त्या पदवीची वर्षे वाया जातात. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते. अग्निवीर भरती दहावीवर होते. वीजतंत्री किंवा तारतंत्री व्हायचे, तर आयटीआय करा. तलाठी, बँकेतला लिपिक आणि लोकसेवा आयोगाची राज्यसेवा यांना पदवी लागते, पण ती कोणत्याही शाखेची चालते. म्हणून या परीक्षांची तयारी करणाऱ्याने महागडी पदवी घेण्याचे कारण नाही. घरून बी.ए. किंवा मुक्त विद्यापीठ त्याला पुरे आहे. राहिलेले पैसे पुस्तकांना आणि परीक्षाशुल्काला ठेवा, आणि किती वर्षे प्रयत्न करायचा हे घरात आधीच ठरवा.

स्वतःच्या नोंदणीवर औषध दुकान काढायचे, तर फार्मसीला पर्याय नाही, कारण नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय परवाना मिळत नाही. कृषी सेवा केंद्र काढायचे, तर कीटकनाशकांच्या परवान्यासाठी कृषी, रसायनशास्त्र अशा ठरावीक विषयांतली पदवी, नाहीतर विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा ‘देसी’ डिप्लोमा लागतो.

शिकून झाल्यावर थेट नोकरी मिळाली नाही, तर अप्रेंटिसशिप करा. अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या कारखान्यांत आयटीआय, डिप्लोमा आणि पदवीधरांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात आणि विद्यावेतन देतात. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये महिन्याला बारावी पासला ६,०००, आयटीआय व डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरले. सुरुवातीच्या पायरीवर शिक्षणाच्या एकेका टप्प्याला सरकारने किती फरक दिला, हे त्यात दिसते. बारावी आणि पदवी यांच्यात तो चार हजारांचा आहे.

मुलींचा हिशेब वेगळा मांडा

मुलीच्या बाबतीत वरची वसुलीची वर्षे पुरेशी नाहीत. आपल्या भागात बारावीनंतर घरी बसलेल्या मुलीसाठी लगेच स्थळे पाहायला सुरुवात होते. कॉलेजात नाव असलेल्या मुलीला तीन-चार वर्षे मिळतात. त्या काळात ती एकटी प्रवास करायला, बँकेत बोलायला, स्वतःच्या नावावर खाते आणि कागदपत्रे सांभाळायला शिकते. पुढे घरावर संकट आले, तर तिच्या हातची पदवी हाच आधार ठरतो. फीची माफी असताना आणि कॉलेज घराजवळ असताना मुलीचे शिक्षण थांबवण्याला पैशाचे कारण उरत नाही. घरात मुलगा आणि मुलगी दोघे शिकण्याजोगे असतील आणि पैसे एकाचेच असतील, तर सवलतीमुळे मुलीचे शिक्षण निम्म्याहून कमी पैशांत होते, हेही मोजा.

प्रवेशाआधी जमवायची कागदपत्रे

उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, अल्पभूधारक दाखला, सातबारा आणि आठ-अ, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शिक्षणात खंड असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र, आणि विद्यार्थ्याच्या नावाचे आधारशी जोडलेले बँक खाते. यांतले बरेच दाखले सेतू केंद्रातून मिळतात. जात वैधतेला मात्र महिने लागतात, म्हणून तिचा अर्ज अकरावीतच करा. एक दाखला वेळेत नाही म्हणून पन्नास हजारांची सवलत हुकते, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या कष्टाचे पैसे जातात.

आता काय करायचे

एका कागदावर तीन कॉलेजांची नावे लिहा. प्रत्येकापुढे चारही भागांची बेरीज, मिळणारी सवलत आणि तिथल्या मधल्या मुलाचा पहिला पगार लिहा. ज्या कॉलेजचा पगाराचा रकाना भरता येत नाही, ते यादीतून काढा. हा कागद मुलाला किंवा मुलीला समोर बसवून भरा, कारण चार वर्षे त्यांची जाणार आहेत आणि कर्जावर सहीही त्यांचीच असेल. बेरीज जुळली, तर निर्धास्तपणे शिकवा आणि मधेच मागे हटू नका. जुळली नाही, तर कमी खर्चाची वाट धरा आणि शिक्षण चालू ठेवा. मुक्त विद्यापीठाची पदवी किंवा आयटीआय घेतलेले मूल हरलेले नसते, हे घरातल्या मोठ्यांनी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे.